पायताणं काठावर ठेवावीत

मी, वनमाला यशवंतराव पांढरीपांडे, वय अडुसष्ट, सिंचन खात्यातून निवृत्त, राहणार समता कॉलोनी, रायपूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. आणू पाहणारे होते, त्यांना मी दारातूनच परत पाठवले. मी कोणत्याही नशेत नाही. माझे डोके ठिकाणावर आहे. हे वाक्य बाकीचे लोक रिवाज म्हणून लिहितात, मला ते भांडण म्हणून लिहावे लागत आहे.

माझे भासरे, म्हणजे यजमानांचे थोरले बंधू श्री. नरहरराव, राहणार पुरानी बस्ती, हे वर्षभर रायपुरातल्या प्रत्येक मराठी घरी चहा पिता पिता सांगत आहेत की वनमालेला वेड लागले आहे. मला मूलबाळ नाही. मी मृत्युपत्र न करता गेले, किंवा केलेले कोर्टात टिकले नाही, तर माझे सगळे यजमानांच्या वारसांकडे, म्हणजे नरहररावांकडे जाईल, असे वकिलांनी मला नीट समजावून सांगितले आहे. म्हणून त्यांना माझे वेड हवे आहे, आणि पुरावा म्हणून ते माझी नाव दाखवतात. तेव्हा आधी नावेचेच लिहिते.

१. नवे राज्य झाले, रायपूर राजधानी झाली, साहेब लोकांसाठी मोटरबोट आली आणि आमच्या खात्याची पाहणीची जुनी लाकडी नाव भंगार म्हणून लिलावात निघाली. ती मी घेतली आणि दुरुस्त केली. तिच्यावर मी मासे धरत नाही की भाडे कमावत नाही. संध्याकाळी महादेव घाटावरून खारून नदीत वरच्या अंगाला जाते, थर्मासमधला चहा पिते आणि परत येते. बाईने मौजेसाठी नाव ठेवली, हे माझे पहिले वेड. दुसरे असे की या नावेवर कोणीही पायताण घालून चढत नाही.

याची कारणे वेड्यालाही समजतील. बुटाच्या तळव्यातली वाळू वार्निश खरवडते, मग तिथे पाणी मुरते आणि फळी कुजते. काळ्या रबराचे ओरखडे घासून जात नाहीत. टाचांच्या सँडलने लाकडाला खळगे पडतात. म्हणून पायताण काठावरच्या टोपलीत ठेवावे, पाय धुवावेत, पुसावेत आणि मग नावेच्या मध्यावर पाऊल टाकावे. मधुमेहाच्या माणसाने अनवाणी फिरू नये असे आमच्या कॉलोनीतल्या डॉ. राधिका सांगतात, म्हणून तशांसाठी धुतलेले कॅनव्हासचे बूट नावेतच ठेवलेले असतात. नरहरराव एकदा घाटावर आले आणि "मले शुगर आहे, मी बूट काढत नाही" म्हणाले, तेव्हा मी त्यांच्या मापाचे बूट विकत आणले. त्यांनी ते पायात घातले नाहीत. त्यांना शुगर नाही.

२. हा नियम ज्यांना अपमानाचा वाटतो त्यांनी पुरानी बस्तीतला नियम आठवावा. आमच्या घरात भासऱ्यांसमोर सुनेने चपला घालायच्या नसत. ऑफिसातून येताना गल्लीच्या तोंडाशीच मी चपला काढायची, पदराखाली धरायची आणि ओसरीवर बसलेल्या नरहररावांपुढून अनवाणी घरात जायची. मे महिन्यातही. यजमान बूट घालून माझ्या पुढे चालत असत. त्यांनी भावाला कधी काही म्हटले नाही. त्यांना मी माफ केले आहे, पण अर्धेच.

राज्य होण्याच्या आदल्या वर्षी यजमान गेले. अस्थी घेऊन आम्ही सगळे घाटावर गेलो, भाड्याची नाव ठरवली. मी नावेत पाय टाकायला गेले तर नरहरराव म्हणाले, "बायका नाही येत. तू इथेच बस, चपलांकडे पाह्यजो."

मी बसले. माझा नवरा नदीत मिसळत होता आणि मी त्याच्या भावाच्या अन् पुतण्याच्या जोड्यांची राखण करत पायरीवर बसले होते. त्या दिवशी मला जे वाटले तो द्वेष होता, आणि तो अजून ताजा आहे. लोकांना वाटते नाव मी हौसेने घेतली. हौस नंतर लागली.

३. नरहररावांचे चिरंजीव विहंग जमिनीचे व्यवहार करतात. नव्या राजधानीत प्लॉट घेणारी मंडळी खूश ठेवावी लागते, म्हणून एका रविवारी त्यांनी मला न विचारता घाटावरून माझी नाव सोडून नेली. बूट घातलेले पाहुणे, कोंबडीची हाडे, पानाच्या पिचकाऱ्या, सगळे नावेत. मी जाब विचारला तर म्हणाले, "काकी, बोट है, मंदिर थोड़ी है।" मंदिर असते तर त्यांनी बूट काढले असते, हे त्यांच्याच तोंडून निघाले. विहंग यांना मी काथ्याचा घासायचा ब्रश ठेवत आहे. त्यापलीकडे काही नाही.

४. जाऊबाई रमावहिनी यांना माझ्या कोल्हापुरी चपलांचे तिन्ही जोड द्यावेत. त्या घालून त्यांनी नरहररावांसमोर ओसरीवरून एकदा चालून दाखवावे. दाखवणार नाहीत. तरी द्यावेत.

५. घाटावर नाव बांधणारे हिरालाल यांना माझी सायकल आणि रेनकोट. नावेतून थुंकू नको म्हटले की "हव दीदी" म्हणून होकार देतात आणि दुसऱ्या बाजूने थुंकतात. सायकल त्यांना त्यासाठी नव्हे, वल्ही जपली म्हणून मिळत आहे.

६. समता कॉलोनीतले घर, बँकेतली सर्व शिल्लक आणि नाव, हे तिन्ही मी नरहररावांची मुलगी ज्ञानदा हिला देत आहे. ती शंकर नगरात स्वतःच्या पगारावर राहते. विहंगच्या पार्टीनंतर ती न बोलावता आली आणि माझ्याबरोबर पिचकाऱ्या घासायला बसली. तिने मला स्पष्ट सांगितले होते, "काकू, तुमचा नियम मले जास्तीचा वाटते. पण नाव तुमची आहे, तर नियमही तुमचाच." एवढी साधी गोष्ट या कुटुंबात दुसऱ्या कोणाला सुचली नाही.

तिने नाव अशी ठेवावी: परत आल्यावर तळाचे पाणी डब्याने उपसावे आणि स्पंजने टिपावे. फळ्या साध्या पाण्याने, फार तर थोड्या अंगाच्या साबणाने पुसाव्यात. कपड्यांची पावडर वापरू नये, ती वार्निश खाते आणि शेवटी नदीतच जाते. पूर्ण वाळल्याशिवाय ताडपत्री घालू नये. माझ्या अस्थी याच नावेतून ज्ञानदाने न्याव्यात. नरहररावांनी यावे की नाही हे तिने ठरवावे, ते तिचे वडील आहेत.

७. आता साक्षीदारांविषयी. डॉ. राधिका यांनी मला तपासले आहे आणि त्या साक्ष द्यायला तयार आहेत. दुसरे साक्षीदार म्हणून मी आज संध्याकाळी नावेवर नरहररावांना बोलावले आहे. नावेचा कागद करायचा आहे, घरच्या मोठ्याची सही पाहिजे, असा निरोप पाठवला. त्यात खोटे एक अक्षर नाही. ते लगेच येतो म्हणाले.

यजमानांच्या मागे, पुरानी बस्तीच्या घरातला माझा हिस्सा सोडण्याचा कागद त्यांनी माझ्यापुढे ठेवला होता. मी वाचू लागले तर म्हणाले, "वाचून काय करून राहिली? सही कर." मी केली. त्या घरात कागद कोणी वाचत नाही, मोठ्याची सही पाहून खाली सही करतात, आणि मोठे तर सही करण्यासाठीच जन्माला आलेले आहेत. मी मात्र त्यांना हा कागद पूर्ण हातात देणार आहे. चष्मा आणला नसेल तर माझा देईन, उजेड असेल, घाई करणार नाही. त्यांनी वाचला आणि सही नाकारली तर तो त्यांचा हक्क आहे, मग डॉक्टरांचे यजमान सही करतील. पण माझी खात्री आहे की ते शेवटचे पान काढून कुठे करायची एवढेच विचारतील.

ठिकाण: खारून नदी, महादेव घाट, रायपूर, नावेवर.
दिनांक: २१ फेब्रुवारी २००९.

सही: वनमाला यशवंतराव पांढरीपांडे

आम्ही खालील साक्षीदार लिहून देतो की श्रीमती वनमालाबाईंनी वरील सही आमच्या डोळ्यांदेखत केली, त्या वेळी त्या पूर्ण शुद्धीवर होत्या आणि त्यांचे डोके ठिकाणावर असल्याबद्दल आम्हाला कसलीही शंका नाही.

साक्षीदार १: डॉ. राधिका शेखर वझलवार, समता कॉलोनी, रायपूर

साक्षीदार २: नरहर बळवंतराव पांढरीपांडे, कुटुंबप्रमुख