साथीदार म्हणून माझी निवड

२ फेब्रुवारी
सोनल मॅडम आल्या होत्या. जेलमधून सुटलेल्यांना मार्गी लावणारी त्यांची संस्था. रोहिदास नावाचा माणूस शिक्षा भोगून सुटलाय, चाकणला पॅकिंगच्या कामावर लागलाय. त्याला मोशीत खोली हवी, आणि गावातला एखादा जाणता माणूस ‘साथीदार’ म्हणून. जाणता म्हटल्यावर मी आमच्या खालच्या खोलीची किल्लीच काढून दिली.
गुन्हा मॅडमनी स्पष्ट सांगितला. शेजारच्या लहान मुलीवर अत्याचार. पोक्सो. मी चेहरा प्रसन्न ठेवला. पुढारपणाला ते लागतं.
इथे लहान मुलं येतात का, असं त्यांनी दोनदा विचारलं. नाही म्हणालो. वरच्या मजल्यावर आमची लेक सायली मुलांची ट्युशन घेते, पण ती संध्याकाळी. रोहिदास सेकंड शिफ्टला, म्हणजे तेव्हा कंपनीत. म्हणजे नाहीच की.

३ फेब्रुवारी
जयमालाला सांगितलं, चोरीची केस आहे. बायकोला काही गोष्टी टप्प्याटप्प्याने सांगायच्या असतात. पुढचा टप्पा लवकरच.

८ फेब्रुवारी
साथीदारांचं ट्रेनिंग, पिंपळे गुरवला. चहापर्यंत थांबलो. गावात बारा भानगडी मिटवलेल्या माणसाला काय शिकवणार? समजलं ते एवढं, की रोज त्याला भेटायचं. कुठे होतास, कोणाबरोबर होतास, मनात काय आलं, हे विचारायचं. फारच पोलिसी. मी प्रेमाने जिंकणार.

११ फेब्रुवारी
रोहिदास राहायला आला. चाळिशीचा, खाली बघून बोलणारा. म्हणाला, “दादा, मला विचारत जा.” मी खांद्यावर हात ठेवून म्हणालो, झालं गेलं विसर. त्याला आणखी काही सांगायचं होतं, पण माझं बोलणं लांबलं. मग त्याची कंपनीची गाडी आली.

१४ फेब्रुवारी
संकल्प: रोहिदाससाठी रोज अर्धा तास.

१७ फेब्रुवारी
संकल्प पुढच्या सोमवारपासून. लग्नाच्या तिथी आहेत. आपण गेलो नाही तर लोक नावं ठेवतात.

२३ फेब्रुवारी
सोमवार. रोहिदासची शिफ्ट बदलली, आता फर्स्ट शिफ्ट. दुपारीच सुटतो. संध्याकाळी बस स्टॉपवर बसलेला दिसला. बस येत होत्या, जात होत्या, हा चढत नव्हता. गाडीवरूनच हात केला. मोकळ्या हवेची किंमत जेल भोगलेल्यालाच कळणार. बरं वाटलं.

२४ फेब्रुवारी
पुन्हा स्टॉपवर. समोर कंटेनरची रांग, धूळ, हॉर्न. तरी शांत बसलेला. माझ्या सहवासाचा परिणाम दिसायला लागलाय. मला बघून उठला, काही बोलणार होता. मी म्हणालो, “बस, बस, आराम कर.”

२६ फेब्रुवारी
सोनल मॅडम न कळवता आल्या. रोहिदासनेच त्यांना फोन करून सांगितलं होतं: कामावरून सुटल्यावर खोलीवर जाता येत नाही, जिन्यात मुलं असतात. सात वाजेपर्यंत स्टॉपवर बसतो. दादांना सांगायला गेलो की ते मलाच धीर देतात.
मॅडमनी हे जयमालासमोर सांगितलं. गुन्ह्यासकट. मी म्हणालो, सांगणारच होतो.  जयमालाने आधी वर जाऊन ट्युशन थांबवली आणि एकेका मुलाला घरी पोचवून आली. प्रत्येक घरी कारणही सांगितलं. मग माझ्याकडे बघितलं. त्यापेक्षा बोलली असती तर बरं झालं असतं.
मॅडम रोहिदासला त्याच्या पिशवीसकट घेऊन गेल्या.

२७ फेब्रुवारी
देवळात गाव जमलं, सोनल मॅडमही आल्या. माणुसकीवर भाषण तयार केलं होतं. सुरुवात चांगली झाली. दुसऱ्या वाक्याला भिमाबाई उठल्या. त्यांची नात ट्युशनला येते.
“साहेबराव, माझी नात रोज तुमच्या जिन्यानं चढती. तुमाला म्हाईत व्हतं, व्हय का न्हाई?”
मी म्हणालो, प्रश्न व्यापक आहे.
“व्हय का न्हाई?”
व्हय म्हणालो. बसलो.
माझा मित्र कुलदीप म्हणाला, असल्यांना कुठल्याच गावात थारा देऊ नका. मॅडम म्हणाल्या, मग तो जिथे कोणी ओळखत नाही तिथे जाईल, आणि त्याला विचारणारं कोणीच नसेल.  मग भिमाबाई म्हणाल्या, “हितं नगं. पोरं हायत तितं कुटंच नगं. पन त्याच्यावर नजर ठिवनारं मानूस पायजेच. ह्यांच्यावानी न्हाई.”
हे म्हणजे मी. काही जणांनी वळून माझ्याकडे बघितलं.
जयमालाने विचारलं, शिफ्ट कधी बदलते हे संस्थेला कोण कळवणार? सुट्टीच्या दिवशी तो कुठे असतो? खोली बघायला कोण येतं, आणि सांगून येतं की न सांगता? मॅडम लिहून घेत होत्या. माझं भाषण त्यांनी लिहून घेतलं नव्हतं.

४ मार्च
रोहिदासला चाकणला खोली मिळाली. तिथे सगळे कंपनीतले पुरुषच राहतात, आजूबाजूला गोदामं. साथीदारही बदलणार. त्याने स्वतःच मॅडमना सांगितलं, प्रश्न विचारणारा माणूस द्या. त्यांनी जयमालाला विचारलं. आणखी दोघं बरोबर असतील, भेट संस्थेच्या ऑफिसात. ती हो म्हणाली.
मी म्हणालो, शेवटी तुलाही त्याची दया आलीच. म्हणाली, “दया नाही. भीती आहे. म्हणूनच जाणार.”

८ मार्च
जयमालाचं ट्रेनिंग. मी गाडीवर सोडलं आणि बाहेर थांबलो. पूर्ण दिवस चाललं. चहा बाहेर आला नाही.
घरी आल्यावर म्हणाली, सराव हवा, तुमच्यावर करते. आनंदाने बसलो. अनुभवी माणसाची मदत लागणारच.
पहिला प्रश्न, काल संध्याकाळी कुठे होतात? म्हणालो, देवळाच्या कामाला. ती काहीच बोलली नाही. नुसती थांबली. हे त्यांना शिकवतात वाटतं. थोड्या वेळाने मीच म्हणालो, टपरीवर होतो. कोणाबरोबर? कुलदीपबरोबर. काय बोललात? तुझ्याविषयी. मग देवळाचं का सांगितलंत?
मी पाणी मागितलं.
सायली आतून म्हणाली, “आई, बाबांना सोपे विचार.”
जयमाला म्हणाली, “हे सोपेच होते.”