हक्कसोडीची साडी

२९ सप्टेंबर २००३
सकाळीच खालच्या खोलीतली भाडेकरू, बायडाबाई, दारात. "मालकीण, मोरी तुंबलीया की!" म्हटलं, मालकांना विचारून सांगते. आणि मग माझाच मला राग आला. गल्ली मला वीस वर्षं मालकीण म्हणते, आणि प्लंबर बोलवायचा तर ह्यांची परवानगी! घर ह्यांच्या नावावर, लाईटबिल ह्यांच्या नावावर.

दुपारी शिरोळहून कृष्णातचा फोन. "ताई, दसरा झाला की ये. अण्णांच्या जमिनीची हक्कसोड करून टाकू. साडी घेतलीया तुला, भारीतली." अण्णांच्या माघारी वारस आम्ही दोघंच, मी आणि धाकटा भाऊ. आत्यानं सही केली होती, आईनंही तिच्या माहेरी केली. लेकीनं सही करायची, साडी घ्यायची, जेवून यायचं. नाही म्हटलेली लेक मी तरी पाहिली नाही.

४ ऑक्टोबर
हे म्हणाले, "टाक करून सही. मातीपायी माहेर तोडतीस काय?"
विचारलं, मग हे घर अर्धं माझ्या नावावर करता?
टीव्हीचा आवाज वाढवला.

६ ऑक्टोबर
भीती वाटते. जमीन घेऊन मी करणार तरी काय? पण लहानपणी अण्णा मला बांधावर बसवून गड्यांना सांगायचे, "ही मालकीण हाय. हिला इच्यारा." सगळे हसायचे. मी ते खरं धरून बसले.

८ ऑक्टोबर
सकाळी शिरोळ. शालनवहिनीनं पुरणाची पोळी वाढली, कुंकू लावलं, साडी ओटीत घातली. मग तिघं कचेरीत. कारकुनानं विचारलं, "राजीखुशीनं सोडताय न्हवं, बाई?" सगळ्यांना विचारतो तसंच. माझ्या तोंडून गेलं — नाही.

कृष्णात एवढंच म्हणाला, "काय झालं गं तुला?" साडी वहिनीच्या हातात परत दिली. तिनं माझ्याकडे बघितलंही नाही. एसटीत बसवायला कुणी आलं नाही. पहिल्यांदाच.

९ ऑक्टोबर
चुकलं का माझं? दिवसभर हात कशाला लागेना. मोरी अजून तुंबलेलीच.

भाऊबीज
ताट सकाळपासून तयार. करंज्या त्याच्या आवडीच्या, जायफळ जास्त घातलेल्या. गाडीचा आवाज आला की खिडकीत जायची. नाही आला. संध्याकाळी गच्चीवर जाऊन चंद्राला ओवाळलं. भाऊ नसलेल्या बायका ओवाळतात तसं. बायडाबाई वाळत घातलेले कपडे काढत होती. "मालकीण, भाऊ न्हाय व्हय तुमास्नी?" ताट घेऊन खाली आले. खूप रडले.

३० ऑक्टोबर
शालनवहिनी आली. एकटी. पाणीसुद्धा घेतलं नाही, उंबऱ्यातच म्हणाली, "ह्यास्नी म्हाईत न्हाय मी आलेलं. वन्सं, सोमवारी माझ्या माहेरात हक्कसोड हाय. न्हाय कसं म्हणायचं, तेवढं सांगा."