दगडाअलीकडचा हिरडा

अप्पा, आज कृष्णराजनगरच्या पुढच्या त्या देवीच्या रानात जाऊन आले. तुमच्याबरोबर आठ वर्षांची असताना गेले होते, त्यानंतर आत्ताच. देवीला अजूनही देऊळ नाही. एक शिळा आणि वर झाडं. पण रानाला लागून अन्नदानाचा मांडव बांधायचाय, आणि तोडायच्या झाडांची यादी आमच्या वनखात्याच्या ऑफिसनं माझ्याकडे दिलीय. सीमेच्या दगडांच्या आतलं झाड देवीचं, बाहेरचं तोडायचं. बाहेर निघाल्या चार निलगिरी आणि एक हिरडा. हिरड्याचा नंबर मी तीनदा लिहिला, तीनदा खोडला.

मंडी मोहल्ल्यात आपल्या कापड रंगवायच्या हौदापाशी तुम्ही मला अक्षरं शिकवलीत. हिरड्याच्या पाण्यात काडी बुडवून मी कापडावर गिरवते, काहीच दिसत नाही. मग तुम्ही वरून लोखंडाचं पाणी फिरवता आणि माझा वाकडा 'अ' काळाभोर होऊन वर येतो. म्हणून तर त्या दिवशी रानात खाली पडलेले हिरडे मी फ्रॉकच्या खिशात भरले, तुमच्यासाठी. तुम्ही घेऊन दिलेल्या नव्या लाल चपला तेव्हा तुमच्याच पिशवीत होत्या, कारण आत अनवाणीच जायचं. बाहेर येऊन मी त्या पुन्हा पायात घातल्या, बस समोर येऊन थांबली आणि तुम्हाला माझा फुगलेला खिसा दिसला.

"आतले काय गं हे?"

"पडलेले होते, अप्पा."

"पडले म्हणून तुझे झाले? तिनं ते मातीला दिलेत. मी इतकी वर्षं दगडाबाहेरचेच वेचतो, ते काय मला आतले दिसत नाहीत म्हणून? जा, जिथले तिथं ठेवून ये."

बस सोडून तुम्ही रस्त्याच्या मोरीच्या कठड्यावर बसून राहिलात. मी एकटी गेले, परत आले. "ठेवलेस?" "ठेवले." तुम्ही डोक्यावरून हात फिरवलात, तो अजून खुपतो. मी आत गेलेच नव्हते, अप्पा. दगडापाशी उभी राहून ओंजळ भिरकावली. बरेच आत पडले, दोन-तीन अलीकडे. यादीतला हिरडा बरोबर तिथंच उभा आहे. की पाखरानं टाकलेलं बी असेल? मला कसं कळणार? आणि कळत नसताना सही कशी करू?

माझी खाडाखोड बघून म्हातारा पुजारी हसला. "एनम्मा, काय हो बाई, हिरड्याशी भांडण झालं?" मी सगळं सांगून टाकलं. त्यानं जवळच्या दगडावर हात ठेवला. "दगड आमच्या आज्ज्यानं रोवलेत, मी एक सरकवीन. पण गाव विचारेल, साक्ष कोणाची? उद्या पंचायतीपुढं तुम्हीच बोला." मग मऊपणानं म्हणाला, "पोर होता तुम्ही. आत एकटं जायला भ्यालात, होय ना?" मी "हो" म्हटलं.

यादीत हिरड्यापुढे आता 'देवीचा' लिहिलंय. साहेब विचारतील, कशावरून. उद्या सगळ्यांसमोर उभी राहून सांगणार आहे की ते बी बहुतेक मी टाकलेलं. 'बहुतेक' हा शब्द गाळणार नाही. हा कागद मात्र यादीला लावत नाही, यातली एक गोष्ट फक्त तुमची आहे. मी भ्याले नव्हते. तुमची पिशवी मोरीवर तुमच्यापाशी होती, आणि नव्या चपला तिथं दगडापाशी काढून ठेवायला माझा जीव होत नव्हता.