रस्त्यात आलेले चर्चचे टेकू शुक्रवारपर्यंत राहू देणेबाबत

प्रति,
मा. मुख्याधिकारी,
नगर परिषद, अहमदपूर, जि. लातूर.

विषय: चर्चच्या प्रतिकृतीचे टेकू शुक्रवार संध्याकाळपर्यंत ठेवू देणेबाबत.
संदर्भ: टेकू बुधवारपर्यंत काढण्याची आपली दि. ५ मे २०२५ ची नोटीस.

महोदय,

मी तीस वर्षे मंडप डेकोरेटर असून नोटिशीतील मजकूर मला पूर्ण मान्य आहे. चूक कशी झाली एवढेच सांगतो.

१. माझी मुलगी अक्षरा लातूरला आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला आहे. फ्रान्समधील एका खेड्याचे जुने गॉथिक चर्च हा तिचा विषय. चार महिने खपून तिने आमच्या प्लॉटवर बांबू आणि प्लायवूडमध्ये त्याची पंधरा फुटी प्रतिकृती उभी केली. शुक्रवारी परीक्षक येत आहेत. तिचे वर्ष त्यावर आहे.

२. या चर्चच्या भिंतींना बाहेरून तिरपे टेकू असतात. आमच्या धंद्यात टेकू दिसणे म्हणजे लाज. पाहुणे येण्याआधी ते काढायचे, नाहीतर कनातीआड लपवायचे. फोटोतही टेकू दिसले तेव्हा तिकडचे मंडपवाले आळशी असावेत, असे माझे मत झाले. रविवारी अक्षरा लातूरला गेली असता मी सहाही टेकू मोठ्या प्रेमाने काढले.

३. वाकवलेल्या बांबूच्या कमानींनी भिंती लगेच बाहेर ढकलल्या. खिडक्यांचे रंगीत कागद फाटले. एका भिंतीला मी व दुसरीला सौ. शांतम्मा, असे आम्ही पाऊण तास पाठ लावून उभे होतो. त्या अवधीत तिने मला जे सुनावले, ते या अर्जात देणे उचित नाही.

४. अक्षरा परत आल्यावर एवढेच म्हणाली, "अप्पा, ते टेकूच तर भिंत धरून राहिले होते!" आणि फाटलेले कागद चिकटवू लागली. ती रागावली असती तर बरे झाले असते. मला फार लाज वाटली.

५. त्या लाजेपोटी मी त्याच रात्री सहाच्या जागी अकरा टेकू लावले. त्यातले जास्तीचे पाच रस्ता ओलांडून समोरच्या किशनराव यांच्या दुकानापर्यंत गेले, गिऱ्हाईक वाकून येऊ लागले. त्यांची तक्रार रास्त आहे.

तरी विनंती की, नकाशातले सहा टेकू शुक्रवारपर्यंत राहू द्यावेत. उरलेले पाच माझ्या भीतीचे आहेत, ते मी आजच काढतो. काढताना अक्षरा समोर उभी राहील, अशी तिचीच अट आहे.

आपला चुकलेला व नम्र,
शिवप्पा मन्मथ हालकुडे
दि. ६ मे २०२५

सोबत:
१. चर्चचा फोटो.
२. अक्षराने काढलेला नकाशा. (त्यावरील लाल पेनच्या दुरुस्त्या माझ्या आहेत. त्या कृपया वाचू नयेत.)