सहावारीची फॅशन

१२ जुलै १९३८, वडगाव, बेळगाव

चातुर्मास लागला. मंदिरात नियम घेतला: दिवाळीपर्यंत खोटं बोलायचं नाही. घरी आल्यावर मनातल्या मनात दुसरा घेतला: दिवाळीपर्यंत मोहिनी फॅशन साडी कंपनीचा मॅनेजर व्हायचं. सध्या सुपरवायझर आहे. बायकोला, राजमतीला, दिवस गेलेत. मूल मॅनेजरच्याच घरी जन्माला येईल. दुसरा नियम जास्त सोपा वाटतो.

१४ जुलै

मालक पायगोंडा अण्णांनी माझी खुर्ची काढून घेतली. सुपरवायझरला बसायला वेळ मिळतोच कसा, म्हणाले. सगळ्या विणकरांसमोर म्हणाले. त्यांचं माझ्यावर खास लक्ष आहे. बाकीच्यांना ते शिव्यासुद्धा नाव न घेता देतात.

१ ऑगस्ट

चारशे नऊवारी साड्या पडून आहेत. अक्काताई साड्यांच्या घड्या घालते. तिला जांभई आली म्हणून मालकांनी दिवसभर दारात उभं केलं. कारखान्याला शिस्त लागतेय.

४ ऑगस्ट

आयडिया! कॅम्पात एका डॉक्टरीणबाईंना सहावारीत पाहिलं. आता जमाना सहावारीचा. प्रत्येक साडीचे तीन वार कापले की फॅशन तयार. मालक म्हणाले, कर, पण फसलास तर तुझ्या कातड्याचे खण काढीन. परवानगी मिळाली. लई आनंद झाला.

८ ऑगस्ट

कापाकापी झाली. घडीच्या वरून तीन वार मोजून दिले. भरमू मास्तर आडवा आला. तीस वर्षं माग चालवतोय. म्हणे, नेमाण्णा, वरच्या अंगाला पदर असतोय, खालनं कापा. मी विचारलं, सुपरवायझर कोण? मागाकडे परत गेला. संध्याकाळपर्यंत चारशे पूर्ण.

१९ ऑगस्ट, निपाणी

माल दाखवला. दुकानदाराच्या घरातल्या बायकांनी साडी या टोकापासून त्या टोकापर्यंत उलगडली आणि पदर कुठाय विचारलं. मी म्हटलं, नवी फॅशन. एक म्हातारी म्हणाली, मग ओटी कशात घ्यायची रं, तुझ्या टोपीत? सगळ्या हसल्या. एकही साडी गेली नाही. इथल्या बायका फार मागासलेल्या.

२१ ऑगस्ट

मालकांनी सगळ्यांना गोळा केलं आणि बिनपदराची साडी मला नेसायला लावली. धोतरावरून. मग कारखानाभर चालवलं. विलायतेत या कामाला खास माणसं ठेवतात म्हणे. सगळे पोट धरून हसले. भरमू तेवढा हसला नाही. त्याला फॅशनमधलं काही कळत नाही.

२२ ऑगस्ट

उलट्या अंगानं कापलं कुणी ते लिहून दे, असा हुकूम. लिहून दिलं: भरमू मास्तरनं, मला न विचारता. नियम बोलण्याचा आहे. लिहिण्याबद्दल मंदिरात कुणी काही सांगितलं नव्हतं.

२३ ऑगस्ट

भरमूला काढलं. मालकांनी विचारलं तेव्हा तो स्वतःच म्हणाला, व्हय, म्याच कापलं. वय झालं की माणसं घाबरतात. जाताना माझ्याकडे बघून गेला. जेवण गोड लागलं नाही. मॅनेजर झालो की पहिल्यांदा त्याला परत बोलवायचं, हे पक्कं.

२ ऑक्टोबर

माल बिघडवणारा म्हणून भरमूचं नाव झालंय. वडगावात कुणी मागावर बसवत नाही. पुढच्या आठवड्यात भेटून यायचं.

१० ऑक्टोबर

जायचं राहिलं. पाय मुरगळला होता. थोडासा.

२५ ऑक्टोबर

दिवाळी झाली. मालकांनी मॅनेजर आणला. त्यांचे जावई. मला म्हणाले, उद्यापासून येऊ नको. मी भरमूबद्दलच्या माझ्या कागदाची आठवण करून दिली. मालक खूप हसले. म्हणाले, पदर तूच कापलास हे मला त्याच दिवशी ठाऊक होतं. म्हाताऱ्याला घालवायला कागद पाहिजे होता. तुला घालवायला कागद कशाला लागतोय?

बाहेर अक्काताईनं गाठलं. म्हणाली, भरमूमामांनी आपल्या अंगावर का घेतलं, ठाव हाय का? तुमच्या घरात पोटुशी बाई हाय म्हणून. वर म्हणाली, लाज असली तर जाऊन या.

२७ ऑक्टोबर

राजमतीला अजून सांगितलं नाही. रोजच्यासारखा डबा घेऊन निघालो, तो थेट भरमूच्या घरी. सगळं कबूल करायचं ठरवलं होतं. वाक्यंही पाठ केली होती.

तो आत बसून राटाचं चाक फिरवत सुताच्या कांड्या भरत होता. आमच्याकडे ते बायकांचं काम. त्याची पाठ माझ्याकडे होती. त्याची बायको मालुबाई उंबऱ्यात आली. मला नीट ओळखते ती. माझ्याकडे बघत राहिली.

आतून भरमूनं विचारलं, कोन आलंय गं?

ती म्हणाली, कोन न्हाय.

राट पुन्हा फिरायला लागला. मी तिथंच उभा होतो.