हळद्या की साळुंकी

१४ एप्रिल, सकाळी ६.१०
अक्रोडावरून पुन्हा तीच शीळ: ‘लबाड सरपंच, लबाड सरपंच!’ हळद्या आहे. आमच्या तिसा नदीकाठी हळद्या पणजोबांपासून हेच म्हणतो. पाखराला कसलं आलंय राजकारण! सरपंच मी असलो तरी मनाला लावून घ्यायचं नाही. निवडणुकीला बारा दिवस. संकल्प: सतत हसतमुख.

१६ एप्रिल
म्हातारा देझो जंगलखात्यात होता. म्हणे, हळद्या मेच्या आधी येतच नाही, ही ठिपक्यांची साळुंकी. हळद्या जन्मतःच तसं बोलतो, साळुंकी मात्र रोज कानावर पडेल तेच उचलते.
म्हणजे कुणीतरी हिला रोज ऐकवतंय! घास उतरेना. (दुसऱ्यांदा वाढून घेतलेला.)

१७ एप्रिल
दुर्बीण लावली. पाखरू काळं, अंगभर ठिपके. हळद्या पिवळाधमक. पण धुराड्याजवळ बसून मळला असेल. हवामानही बदललंय, लवकर आला असेल. देवा, हळद्याच असू दे.

१९ एप्रिल
संशय काल्मानवर. माझ्याविरुद्ध उभा आहे ना! त्याच्या कुंपणाआड दोन तास दबा धरला. त्याला पुढचे दातच नाहीत, शीळ कसली घालतो. त्याच्या बायकोने पाहिलं. म्हणाली, मत मागायला पुढच्या दाराने या. कॉफी दिली. चांगली होती.

२१ एप्रिल
अंगणात प्रचारसभा. रस्त्याचं आश्वासन देतोय तोच वरून शीळ. पाद्रीसुद्धा हसला. मी ठणकावलं, हळद्या आहे, जुनी रीत आहे. देझो मागून म्हणाला, “अंब्रुश, पुढचं ऐक की.”
पुढे पाखराने दाराची करकर काढली. हुबेहूब. आमच्याच स्वयंपाकघराच्या दाराची. त्याला तेल घालायचं तीन वर्षं मनात आहे.
नळाचा मुद्दा विसरलो.

२२ एप्रिल, पहाटे ५.४०
दार करकरलं. पिरोश्का कोंबड्यांना दाणे टाकायला निघाली होती. शीळ घालत. ‘लबाड सरपंच.’ माझी बायको! वरून पाखराने सूर धरला.
कधीपासून, म्हणून विचारलं. म्हणाली, “अकरा वर्षं. तुम्ही सरपंच झालात तेव्हापासून. तुमचं लक्ष आज गेलं.”
विचारलं, खरंच मी लबाड आहे का गं?
ती दाणे टाकत राहिली. मग म्हणाली, “मत तुम्हालाच देईन हो. काल्मान तर वर आळशीही आहे.”
म्हणजे एक मत पक्कं. निवडून येईन बहुतेक.
हळद्या असता तर फार बरं झालं असतं.