काशीबाईच्या नावावर

९ जाने. १९३४, मंगळ. जळगाव
भरपाई कमिशनर साहेबांनी पहूरच्या कापूस-जिनाचा कागद माझ्याकडे टाकला. भागा, वय अंदाजे तीस. कापसातून सरकी काढणाऱ्या यंत्रात उजवा हात कोपरापर्यंत गेला. भरपाईचा अर्ज. मालकाचे वकील धुळ्याचे. त्यांचे म्हणणे एवढेच, बाई बारा दिवसांची, तात्पुरती, कायद्यात बसत नाही. बाई म्हणते, पाच हंगाम. साहेब म्हणाले, "कुळकर्णी, पूर्वीचं काम समक्ष तपासून या."

११ गुरु. पहूर
पाचोऱ्याहून छोट्या गाडीने. जिनात हजेरीपट पाहिले. भागाचे नाव खरेच बारा दिवस. मागल्या चार हंगामांत कुठे नाही. मुकादम दगडूआबा, साठीचे. "पटावर आहे तेवढं आहे, रावसाहेब." पट मिटून ठेवला. काम दुपारीच संपले म्हणायचे.

तरी बाईकडे गेलो. माहेर पिंपळनेरकडचे, बोली अजून तिकडचीच. डाव्या हाताने भाकर थापत होती. कड फाटायची, पुन्हा गोळा. विचारले, पटावर नाव का नाही? तव्यावरून नजर न काढता म्हणाली, "नाव सासूनं, काम मन्हं. सासू मरी गयी, नाव राही गयं."

सासू काशीबाई यंत्रावरची जुनी बाई. नव्या बाईला यंत्र मिळत नाही, अंगणात कचरा वेचायला बसवतात. म्हणून मुकादमाने सासूच्या जागी ही बसवली, सासूच्याच नावाने. यंदा नवा मॅनेजर आला, खरी नावे लिहायला लावली. तेव्हापासून बारा दिवस.
मग हे अर्जात का नाही?
"आबानी माले काम दिधं. तेनं नाव मी कसं लेऊ?"

१२ शुक्र.
पोलीस पाटलाकडे मरणाची नोंदवही. काशीबाई चार वर्षांपूर्वी दिवाळीआधी वारली, पटकीने. जिनात त्यानंतर चार हंगाम हजर. खाडे फार थोडे. नक्कल उतरवून घेतली.

दगडूआबांना दाखवली. अक्षर लागत नसल्यासारखे पाहत राहिले. मग म्हणाले, "कामाला चांगल्या होत्या. दोघी."
जबानी देता का?
"घरी विचारतो."

१३ शनि. परतीच्या गाडीत
पटाप्रमाणे बारा दिवस, एवढेच लिहिले तरी खोटे होत नाही. नक्कल जोडली तर आबांची नोकरी जाणार. शिवाय वकील लबाडी म्हणणारच, मग बाईचाही अर्ज... आणि न जोडावी तर?
पाचोऱ्याला चहा घेतला, पण प्यालो नाही.

१७ बुध.
अहवाल पाठवला. नक्कल जोडून.
दुपारी दगडूआबा कचेरीत, आपण होऊन. धुतलेला फेटा. "लिहा." काय होऊ शकते ते दोनदा समजावले. "कळलं. तिला त्या यंत्रावर मीच बसवली ना." सही मोडीत, ठळक.

५ फेब्रु., सोम.
सुनावणी. वकील: "मेलेल्या बाईच्या नावाने हजेरी लावणारी ही. हिची नोकरी कसली?" आबांची जबानी वाचली गेली. साहेबांनी ती बाजूला ठेवली. मग भागालाच विचारले, यंत्रावर काय करायचीस ते सांग.

ती उभी राहिली. कापूस कसा पसरून द्यायचा, कुठवर बोटे न्यायची, ते डाव्या हाताने दाखवू लागली. उजवा खांदाही सोबत हलत होता. "सुरी बोथी व्हयनी का आवाज बदलस. तवय हात मांगे लेवाना." वकिलांनी चष्मा काढून पुसला. साहेब लिहीत होते, लेखणी थांबेना.

निकाल राखून ठेवला. तारीख नाही.
बाहेर तिला सांगितले, कागद टपालाने येईल. म्हणाली, वाचणार कोण?
"मी वाचून दाखवीन," आबा म्हणाले. "आता मोकळाच आहे मी."
दोघे स्टेशनकडे गेले. ती पुढे, आबा चार पावले मागे.